वडिलांच्या वह्या आणि उपदेशाचा अभ्यास

वाचकाचं पत्र, थोडक्यात : मी २७ वर्षांची आहे. वडील नगर जिल्ह्यात ३४ वर्षं चर्चचे पाळक आहेत, पुढच्या वर्षी निवृत्त होतील. मी यंदा बी.डी. ही धर्मशास्त्राची पदवी पूर्ण केली. सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, उपदेशशास्त्र हा विषय मनापासून आवडला आणि शिक्षकांनी त्यातच एम.टीएच., म्हणजे पुढची पदव्युत्तर पदवी, करायला सुचवलं. सुट्टीत घरी असताना वडिलांनी एका रविवारी मला उपदेश करायला सांगितला. मी उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर बोलले : सगळं उडवून परतलेल्या धाकट्या मुलासाठी बाप मेजवानी देतो आणि थोरला रागाने दाराबाहेरच थांबतो, ती येशूने सांगितलेली गोष्ट. वडील काढतात तसे तीन मुद्दे काढले नाहीत. थोरल्या भावाच्या नजरेतून गोष्ट सांगत गेले आणि तो घरात शिरला की नाही हे न सांगताच थांबले. उपासना सुटल्यावर कमिटीतले एक काका सगळ्यांसमोर म्हणाले, "गोष्ट छान झाली, पण उपदेश कुठे होता?" वडील तिथे काही बोलले नाहीत. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "उपदेश हे आत्म्याचं दान आहे, त्याला पदवी कशाला?" मैत्रीण सांगते की आता मोबाइलला विचारलं तरी उपदेश लिहून मिळतो, संपत चाललेल्या विषयात दोन वर्षं घालवू नकोस. आणि मला रात्री एकच विचार छळतो : मी शिकले ते खरं असेल, तर वडील ३४ वर्षं चुकत होते का? एम.टीएच.ला जाऊ की मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांमध्ये, सेवेला लागू?

प्रिय मुली,

प्रभूमध्ये सलाम. तू शेवटी विचारलंस एम.टीएच.बद्दल, पण तुझं पत्र अडलंय ते वडील गप्प राहिले तिथे. म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

तू मनात दोन पारडी मांडली आहेस. एकात वडील, त्यांचे तीन मुद्दे आणि ते काका. दुसऱ्यात तू, तुझी पुस्तकं आणि गोष्टीतून केलेला उपदेश. पहिलं जुनं, दुसरं नवं. या मांडणीबद्दलच मला आधी बोलायचंय, कारण ती इतिहासाला धरून नाही.

वचनाचे, म्हणजे उपदेशासाठी घेतलेल्या बायबलच्या ओळींचे, तीन भाग पाडायचे ही सवय तेराव्या-चौदाव्या शतकातल्या युरोपच्या विद्यापीठांतली. बेसव्हॉर्नच्या रॉबर्टने १३२२ मध्ये उपदेश कसा रचावा यावर जो ग्रंथ लिहिला, त्यात तीन भागांचीच बाजू घेतली आहे. पुढे छापील पुस्तकं आली, सेमिनरी आल्या, आणि प्रस्तावना, मुद्दे, दृष्टांत, लागूकरण, समारोप ही घडण पक्की झाली. अमेरिकेत जॉन ब्रॉडस यांचं १८७० चं पाठ्यपुस्तक पिढ्यानपिढ्या शिकवलं गेलं. अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट मिशनरी संस्थेचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये नगरला आले, ते याच जगातून. तुझ्या वडिलांच्या हाती हा वारसा आला आणि त्यांनी तो प्रामाणिकपणे वापरला. ज्या मंडळीत निम्म्या लोकांना वही-पेन घेऊन बसण्याची सवय नव्हती, तिथे तीन मुद्दे म्हणजे घरी न्यायची शिदोरी होती. चालत वस्तीवर जाताना बाई बोटांवर मोजून सांगायची, आज पाळकसाहेबांनी काय काय सांगितलं ते. याला चूक म्हणू नकोस.

पण ते काका समजतात तसं हे नगरचं सगळ्यात जुनं वळणही नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव रत्नाजी सांगळे नगरमध्ये ख्रिस्ती कीर्तन करत होते. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीही कीर्तनं केली. कीर्तनात पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण होतं, उत्तररंगात आख्यान रंगतं. म्हणजे तुझ्या काकांच्या आजोबा-पणजोबांनी पूर्ण लांबीची गोष्ट ऐकून, मधे गाऊन, वचन ऐकलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. गोव्यात तर त्याहीआधी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण छापलं गेलं आणि चर्चमध्ये ओव्यांमधून वाचलं गेलं. गोष्ट आपल्याकडे परकी नाही.

इथे काकांच्या बाजूनेही एक बोलते. कीर्तनकार आख्यान संपवून पुन्हा पूर्वरंगाच्या अभंगावर येतो. ऐकणाऱ्याला कळतं, आपण फिरून मूळ पदापाशी आलो. तू थोरल्या भावाला दारात उभं केलंस आणि थांबलीस. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, पंधराव्या अध्यायात, येशूनेही तसंच केलं आहे. थोरला आत गेला की नाही हे तिथेही सांगितलेलं नाही. तू वचनाशी इमान राखलंस. तरी काकांचा प्रश्न "आम्ही आता कुठे उभं राहायचं?" असाही असू शकतो, फक्त त्यांना तो सगळ्यांसमोर नीट विचारता आला नाही. तो अपमान म्हणून मनात ठेवण्याआधी प्रश्न म्हणून घेऊन बघ.

आता तुझ्या विषयाबद्दल. तुला जे नवं म्हणून शिकवलं गेलं, ते तुझ्या वडिलांच्या सेवेपेक्षा वयाने मोठं आहे. अमेरिकेत १९६५ मध्ये उपदेशशास्त्राच्या शिक्षकांनी आपली परिषद स्थापन केली. १९७० मध्ये हेन्री मिचेल यांनी कृष्णवर्णीय मंडळ्यांमधल्या उपदेशावर लिहिलं आणि दाखवून दिलं की तिथला हुंकार, प्रतिसाद, शेवटाकडे चढत जाणारा आनंद यांत एक पूर्ण शास्त्र आहे, जे गोऱ्यांच्या सेमिनरींनी कधी शिकवलंच नव्हतं. १९७१ मध्ये फ्रेड क्रॅडॉक यांनी एक साधी गोष्ट बोलून दाखवली : उपदेशक आठवडाभर शोधत शोधत एका ठिकाणी पोचतो, आणि रविवारी लोकांना फक्त ते ठिकाण दाखवतो, शोधाची वाट त्यांच्या वाट्याला येतच नाही. ती वाट त्यांनाही चालू द्या. १९८० मध्ये यूजीन लाउरी यांनी उपदेशाला कथानकासारखी घडण दिली, आधी गुंता आणि मग उकल. तू थोरल्या भावाची गोष्ट सांगितलीस ती या वाटेवरून.

खरा बदल मात्र त्यानंतर झाला, आणि माझ्या मते तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

१९९० च्या दशकात या नव्या पद्धतीलाच प्रश्न विचारले गेले. लूसी रोझ आणि जॉन मॅक्लूर यांचं म्हणणं असं की मुद्दे सांगा किंवा गोष्ट सांगा, दोन्हींत दोरी उपदेशकाच्याच हातात राहते. लोकांनी कुठे पोचायचं हे तोच आधी ठरवून आलेला असतो. मॅक्लूर यांनी १९९५ मध्ये सुचवलं की उपदेश लिहिण्याआधी मंडळीतल्या चार-सहा जणांबरोबर दर आठवड्याला बसा, वचन एकत्र वाचा, आणि त्या बोलण्यातून उपदेश घडू द्या. १९९७ मध्ये लिओनोरा टब्स टिसडेल यांनी शिकवलं की वचनाचा अर्थ लावायला आपण जेवढे कष्ट घेतो तेवढेच मंडळी समजून घ्यायला घ्यावेत : तिच्या गोष्टी, तिची जुनी दप्तरं, इमारत, सण, कोण कुठे बसतं, कोणाचं नाव आदराने घेतलं जातं. मग २००० नंतर इंडियानापोलिसच्या एका सेमिनरीतल्या अभ्यासकांनी २८ मंडळ्यांमधल्या अडीचशेहून अधिक लोकांना सरळ विचारलं, तुम्ही उपदेश कसा ऐकता? डेन्मार्कमध्ये मारियाने गॉर्डर यांनी ऐकणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांना दिसलं ते असं की उपदेशकाचे शब्द आणि ऐकणाऱ्याचं आयुष्य यांच्या मधे एक तिसरी जागा तयार होते, अर्थ तिथे जन्मतो, आणि त्या अर्थावर उपदेशकाचा ताबा नसतो. आणखी एक, लोक आधी माणूस ऐकतात. बोलणाऱ्यावर भरवसा आहे की नाही, यावर पुढचं पुष्कळ ठरतं.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ बसून राहिले होते. मी अनेक वर्षं सेमिनरीत हा विषय शिकवला. विद्यार्थ्यांचे उपदेश ऐकायचे आणि गुण द्यायचे : प्रस्तावनेला इतके, मुद्द्यांना इतके, आवाजाला इतके. ज्या मंडळीत तो विद्यार्थी बोलून आला तिथल्या एकाही माणसाला मी कधी विचारलं नाही, तुम्ही काय ऐकलंत? त्याची खंत मला आजही आहे. तुझ्या पिढीने ही चूक करू नये, म्हणून एवढं लांबण लावते आहे.

म्हणजे अभ्यास आता बोलणाऱ्याच्या तोंडाकडून ऐकणाऱ्याच्या कानाकडे सरकला आहे. तिथे उभं राहून वडिलांकडे बघ. ज्या माणसाने ३४ वर्षं या लोकांची लग्नं लावली, मयतीला प्रार्थना केली, दवाखान्यात रात्र काढली, त्याचे तीन मुद्दे लोकांनी नुसते मुद्दे म्हणून ऐकले असतील का? त्या तिसऱ्या जागेत काय काय तयार झालं असेल, हे त्यांच्या वहीत लिहिलेलं नाही, तुझ्या पुस्तकातही नाही. ते लोकांकडे आहे. वडील चुकले का, हे तू किंवा मी ठरवूच शकत नाही, विचारावं लागेल.

"आत्म्याचं दान आहे, पदवी कशाला?" हा वडिलांचा प्रश्न फार जुना आहे आणि त्याला फार जुनं उत्तर आहे. संत ऑगस्टिनने ख्रिस्ती शिकवणीवरच्या आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच असं म्हणणाऱ्या लोकांशी संवाद केला आहे. तो म्हणतो, आम्हाला देवाने थेट समज दिली, नियमांची गरज नाही असं म्हणणाऱ्यांनीही अक्षरं माणसांकडूनच शिकली ना? त्याच ग्रंथाचा चौथा भाग, जो त्याने इ.स. ४२६ च्या सुमारास पूर्ण केला, सगळा उपदेशावर आहे. तिथेही तो सांगतो की पवित्र आत्मा शिकवतो म्हणून माणसांनी शिकवायचं थांबवायचं असतं, तर प्रेषित पौलाने तीमथ्य आणि तीत या आपल्या सहकाऱ्यांना पत्रं लिहिलीच नसती. वडिलांना हे ऐकव, पण त्यांना जिंकायला म्हणून नको. खरं तर मला वाटतं त्यांचा प्रश्न वेगळाच आहे : "माझ्याकडे पदवी नव्हती, मग माझा उपदेश उपदेश नव्हता का?" त्या प्रश्नाला उत्तर म्हणून ऑगस्टिन पुरणार नाही. लेक पुरेल.

मैत्रिणीच्या बोलण्यातही तथ्य आहे, ते उडवून लावू नकोस. जर्मनीत फ्युर्थ इथल्या एका चर्चमध्ये जून २०२३ मध्ये एक उपासना झाली. तिचा जवळपास सगळा मजकूर, उपदेशासकट, संगणकाने तयार केला होता आणि पडद्यावरच्या आकृतींनी तो म्हटला. तीनशेहून अधिक लोक आले होते. व्हिएन्नाच्या एका तरुण धर्मशास्त्रज्ञाने हा प्रयोग केला. आपल्याकडेही काही पाळक शनिवारी रात्री मोबाइलवरून आराखडा घेतात, हे मला ठाऊक आहे. उपदेशशास्त्र म्हणजे नीटनेटका आराखडा करण्याचं शिक्षण एवढंच असतं, तर तुझी मैत्रीण बरोबर ठरली असती. यंत्राला आराखडा जमतो. या महिन्यात मंडळीतल्या कोणत्या घरात जमिनीवरून भाऊ भावाशी बोलत नाही, आणि म्हणून थोरल्या भावाची गोष्ट तिथे कशी ऐकली जाईल, हे मात्र त्याच माणसाला कळतं जो त्या घरी चहा पिऊन आलेला असतो. विषय संपत नाहीये. त्यातलं जे सोपं होतं ते यंत्राने घेतलं आणि अवघड होतं ते आपल्याकडे राहिलं.

कॅथलिक वाचकांनी हा प्रश्न फक्त प्रोटेस्टंटांचा समजू नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये प्रवचन हा उपासनेचाच भाग ठरवला. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या आपल्या पत्रात प्रवचनाला पानंच्या पानं दिली आणि सांगितलं की धर्मगुरूने वचनाचं मनन करावं तसंच आपल्या लोकांचंही करावं. २०२४ मध्ये त्यांनी प्रवचन आठ मिनिटांपेक्षा लांबवू नका असंही म्हटलं. वसईतल्या एखाद्या तरुण फादरच्या मनात तुझ्यासारखेच प्रश्न असतील.

मराठीत या अभ्यासाला केवढी जमीन पडून आहे ते बघ. ख्रिस्ती कीर्तन ऐकलेली, केलेली म्हातारी माणसं अजून सापडतील. गावोगाव, घरोघर फिरून बायाबापड्यांना वचन सांगणाऱ्या बायबल वुमन कधी व्यासपीठावर चढल्या नाहीत, म्हणून त्यांच्या बोलण्याला कोणी उपदेश म्हटलं नाही. तू बाई आहेस. तुझ्या आधी कोण कोण बोलून गेलं हे शोधायला तुझ्यापेक्षा योग्य कोण? अरविंद निर्मल यांनी १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजातल्या भाषणातून दलित धर्मशास्त्राला तोंड फोडलं. त्या विचाराचं आपल्या रविवारच्या उपदेशात काय झालं, तो तिथवर पोचला का, आणि पोचला नसेल तर कुठे अडला, हा एकाच नव्हे तर पाच प्रबंधांचा विषय आहे.

तर, जाऊ की राहू? माझं मत स्पष्ट सांगते. एक वर्ष थांब, मग जा. कारण वडिलांचं हे शेवटचं वर्ष आहे. त्यांच्या शेजारी बसून त्यांची मंडळी ऐकण्याची संधी पुन्हा येणार नाही. आणि प्रश्न हातात घेऊन एम.टीएच.ला जाणारी मुलगी नुसती आवड घेऊन जाणाऱ्या मुलीपेक्षा कितीतरी पुढे असते. थांबण्यातला धोकाही सांगते. मंडळीची कामं माणसाला गिळतात. वर्षाची तीन वर्षं होतात, मग लग्न, मग घर, आणि अर्ज कपाटात राहतो. म्हणून थांबायचं तर तारीख ठरवून थांब, बिशपांच्या शिफारशीची आणि खर्चाची बोलणी आत्ताच सुरू करून ठेव. पुढच्या वर्षी शिफारस मिळणार नाही अशी चिन्हं असतील, किंवा तुला सुचवणारे शिक्षक तोवर तिथून जाणार असतील, तर मात्र यंदाच जा आणि सुट्ट्या नगरला घालव.

अर्ज करण्याआधी दोन गोष्टी पक्क्या विचारून घे. आपल्याकडे हा विषय अनेकदा ख्रिस्ती सेवाकार्यासारख्या मोठ्या शाखेच्या पोटात असतो, तेव्हा उपदेशावर मार्गदर्शन करणारं माणूस तिथे खरोखर आहे का? आणि मराठीतल्या मुलाखती, मराठी वह्या हे प्रबंधाचं साहित्य म्हणून चालेल का? यांतल्या एकाचंही उत्तर "नाही" असं आलं, तर कॉलेज कितीही नावाजलेलं असो, तुझ्या कामाचं नाही.

या वर्षात काय करायचं? बुधवारी संध्याकाळी पाच-सहा जणांना घरी बोलाव. सगळे शिकलेले नकोत. शेतावर मजुरीला जाणारी एक बाई, दहावीतलं एक पोर, नोकरीतून निवृत्त झालेलं कोणी, नवी सून, आणि आवर्जून ते काका. येत्या रविवारचं वचन दोनदा वाच. मग शिकवू नकोस. कुठे थांबावंसं वाटलं, कुठे पटलं नाही, एवढंच विचार आणि ऐक. रविवार झाल्यावर "उपदेश कसा झाला?" असं चुकूनही विचारू नकोस, सगळे चांगला झाला म्हणतील. मंगळवारपर्यंत वाट बघ आणि विचार, "काय लक्षात राहिलंय?" जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत त्याच दिवशी लिहून ठेव. एक पथ्य कडक पाळ : त्या बैठकीत कोणी आपलं दुःख बोललं तर ते व्यासपीठावरून दृष्टांत म्हणून कधी येता कामा नये, नाव बदलूनसुद्धा. गाव लहान असतं. जी मंडळी मोठी आहे किंवा जिथे पाळक नवे आहेत, तिथेही हा प्रयोग एका घरापासून सुरू करता येतो, त्यासाठी पदवी लागत नाही.

आणि वह्या. ३४ वर्षांचे उपदेश म्हणजे वह्यांची थप्पी असणारच, बहुधा ट्रंकेत किंवा पोटमाळ्यावर. पाळकांच्या घरात निवृत्तीनंतर क्वार्टर सोडताना पहिली रद्दीत जाते ती ही थप्पी. मी हे अनेक घरांत पाहिलंय. वडिलांची परवानगी घे, मोबाइलने एकेक पान टिपून ठेव, प्रत्येकावर तारीख, वचन आणि गाव लिही. कोणाच्या घरच्या गोष्टी असतील त्या झाकून ठेव. ते हसतील, म्हणतील यात काय आहे. तरी शेजारी बसवून घे, कारण समासातल्या खुणा त्यांनाच वाचता येतील.

लूकच्या पंधराव्या अध्यायावरचा त्यांचा उपदेश त्यात नक्की सापडेल, एकदा नव्हे, चार-पाच वेळा केलेला. त्या तारखा एकाखाली एक मांड, आणि मग त्यांना विचार, की त्या त्या वर्षी थोरल्या भावाला त्यांनी दाराबाहेर ठेवलं होतं की घरात नेलं होतं.